खाटेपाशी आलेला माणूस आणि ह्यांच्या नावाचं बँक खातं

ह्यांच्या पायात सळई घालून संध्याकाळी सातला वॉर्डात आणलं आणि आठच्या सुमारास तो माणूस आला. हातात दोन शहाळी होती. सासूबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "ताई, घाबरू नका वो, आता आपण आहोत ना." मला वाटलं कारखान्यातलाच कुणीतरी असेल. सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्यानं शहाळं फोडून आणलं आणि मी ते प्यायले. हे आधी सांगते, कारण आम्ही कसे फसलो असं जो तो विचारतो. गोड बोलून फसवलं एवढंच उत्तर पुरं पडत नाही. त्या रात्री सगळ्या सोलापुरात आमची विचारपूस त्या एकाच माणसानं केली होती.

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला होते. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून विडी घरकुलकडे निघाले असताना उलट्या बाजूनं आलेल्या पिकअपनं उडवलं. नडगीचं हाड दोन जागी मोडलं. वय अडतीस, पगार महिना चौदा हजार. मी अंगणवाडी सेविका आहे, सासूबाई विड्या वळतात. दवाखाना खासगी होता. त्याचं नाव लिहीत नाही, वकिलाचंही नाही.

त्या माणसानं मोबाइलमध्ये पिकअपचा फोटो दाखवला. गाडीचा नंबर, विमा कुठल्या कंपनीचा, ड्रायव्हरचं गाव, सगळं त्याच्यापाशी होतं. आमच्याकडे तेव्हा फिर्यादीची प्रतसुद्धा नव्हती. मी त्याला हुशार समजले. आज तीच गोष्ट आठवून अंगावर काटा येतो. अपघाताला बारा तास झाले नव्हते आणि आमचा कागद कुणीतरी त्याला विकला होता. कुणी विकला ते मला ठाऊक नाही, म्हणून कुणावर आळ घेत नाही.

तो म्हणाला, "साहेब मोठे वकील आहेत, अपघाताच्या केसेसच करतात. तुम्ही एक रुपया काढायचा नाही. पैसे आले की मग बघू." दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. वकीलपत्र, दोन कोरी प्रतिज्ञापत्रं आणि आणखी काही. ह्यांना गुंगी होती, बोट धरून सह्या घेतल्या. मी पोषण आहाराची रजिस्टरं भरते, गावातल्या बायकांचे अर्ज भरून देते. तरी मी त्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली. तिसऱ्या दिवशी त्यानं औषधाला म्हणून दहा हजार दिले. चिठ्ठी नाही, पावती नाही. त्या दहा हजारांनंतर आम्हाला त्याला काही विचारायची हिंमतच राहिली नाही. घरात पैसा नसताना जो पैसा देतो त्याला उलट प्रश्न कसा करायचा?

शेजारच्या खाटेवरचा पोरगा स्वतःच मोटारसायकल घसरून पडला होता. त्याच्या बापाला हाच माणूस हळू आवाजात सांगत होता, "विमा असलेली एक गाडी दाखवू, तिनं उडवलं म्हणायचं." बाप हात जोडून नको म्हणाला. मी ते ऐकलं आणि गप्प बसले. तिथंच उठायला हवं होतं. खोटी गाडी दाखवणं सरळ गुन्हा आहे, आणि त्यात पहिला अडकतो तो जखमीच, कारण जबाबावर सही त्याची असते.

नंतर जे कळलं ते सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहिते. बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतःहून किंवा दलाल पाठवून काम मागायला मनाई आहे. निकालातल्या पैशावर टक्केवारी ठरवून फी घेणंही बंद आहे. 'पैसे आल्यावर तीस टक्के' हे ऐकायला गरिबाच्या सोयीचं वाटतं, पण आपल्या देशात वकिलाला तसा करारच करता येत नाही. तेव्हा लेखी काही मागितलं की हे लोक चिडतात त्याचं कारण हेच.

आणि पोलिसांचं काम तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, कळवायची असते. जखमीला त्याचे हक्क सांगणारा एक छापील नमुना १० दिवसांत द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणात जातो. मोटार वाहन कायद्यात असं म्हटलं आहे की पोलिसांचा तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरावा. म्हणजे लगेच वकीलपत्रावर सही केली नाही तर केस बुडते, हे त्या माणसाचं बोलणं सपशेल खोटं होतं. दावा करायला कायद्यात सहा महिने दिलेले आहेत. प्लास्टर निघेपर्यंत थांबून, चार जणांना विचारून वकील करता येतो. उगाच वेळ काढू नका, एवढं मात्र खरं.

आता बँकेचं सांगते. आमचा घात तिथंच झाला.

महिनाभरानं तो म्हणाला, "भरपाई थेट खात्यात येते, कोर्टाचा नियम आहे. तुमच्या जुन्या खात्यावर कर्जाचा हप्ता आहे, बँक पैसे कापून घेईल. नवीन खातं काढू." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. रक्कम थेट जखमीच्या खात्यात जावी असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, म्हणजे पैसा मधल्या लोकांच्या हाती पडत नाही. या लोकांनी त्यावर उपाय काढला. रिक्षातून ह्यांना कुबड्यांवर नेलं, खातं ह्यांच्या नावानं उघडलं, मोबाइल नंबर मात्र स्वतःचा दिला. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक "फाइलला लावायचं आहे" म्हणून ठेवून घेतलं. पाच चेकवर कोऱ्या सह्या घेतल्या. खातं आमचं आणि किल्ली त्यांच्याकडे.

वकिलांना आम्ही दोनदाच पाहिलं. एकदा त्यांच्या कार्यालयात, दोन मिनिटं. दुसऱ्यांदा लोकअदालतीच्या दिवशी, २०२४ च्या शेवटाकडे. त्या माणसानं फोन करून सांगितलं, "फक्त हजेरी आहे, विचारलं तर हो म्हणा." गर्दी इतकी की उभं राहायला जागा नाही. ह्यांना फार वेळ उभं राहवत नाही, भिंतीला टेकून उभे होते. टेबलापाशी नेलं, "तडजोड मान्य आहे का?" असं विचारलं, हे "हो" म्हणाले आणि पुरसीसवर, म्हणजे तडजोड मान्य असल्याचं कोर्टाला लिहून देतात त्या कागदावर, सही केली. कागद इंग्रजीत होता. किती रुपयांची तडजोड हे ना ह्यांनी विचारलं, ना कुणी मराठीत वाचून दाखवलं.

जानेवारीत तो घरी आला. "दोन लाख मंजूर झाले. पंचवीस हजार साहेबांची फी, औषधाला दिलेले पैसे व्याजासकट पंचवीस हजार." दीड लाख रुपये प्लास्टिकच्या पिशवीत घालून सासूबाईंच्या हातात दिले. दहा हजारांचे पंचवीस झाले होते, तरी आम्ही त्याला चहा पाजला. सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ फोडला.

सगळं उघड झालं ते सळई काढायच्या वेळी. दुसऱ्या ऑपरेशनला साठ हजार लागणार होते. त्यातलं काही मिळेल का विचारायला मी फोन लावत होते, तो उचलत नव्हता. माझा भाचा कॉलेजात शिकतो. त्यानं मोबाइलवर ई-कोर्ट्स ॲप उघडलं, जिल्हा निवडला, ह्यांचं नाव टाकलं. केस सापडली. लोकअदालतीत निकाली. ते ॲप फुकट आहे, केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर असला की कुठली तारीख पडली, काय झालं, सगळं घरबसल्या दिसतं. दोन वर्षं तो नंबर आम्ही मागितलाच नव्हता, कारण असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

मग आधार कार्ड घेऊन बँकेत गेलो. पासबुक हरवलंय म्हणून सांगितलं, नवीन काढून घेतलं. मशीनमधून छापून आलं त्यावर जमा रक्कम होती ४,२५,०००. त्याच्या खाली दोन दिवसांत तीन चेक, दोन लाख, पंचाहत्तर हजार आणि दीड लाख. तिन्हींवर ह्यांची सही. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "सही जुळते, आम्ही काय करणार?" हे तिथल्या बाकावर बसले. पाय दुखतोय म्हणाले. पाय दुखत नव्हता.

नंतर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. खरं तर पहिल्याच आठवड्यात जायला हवी होती ती ही जागा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कामगारालाही मिळतो, आणि महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत कमाई असलेल्या कुणालाही मिळतो. ह्यांची वर्षाची कमाई एक लाख अडुसष्ट हजार. तिथल्या वकीलबाईंनी आमची कहाणी शांतपणे ऐकली आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. महिना चौदा हजार, वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक पंधरा, म्हणजे वर्षाच्या कमाईची पंधरा पट, पंचवीस लाख वीस हजार. अपंगत्वाचा दाखला २५ टक्क्यांचा, त्याचे सहा लाख तीस हजार. पुढं पगार वाढला असता म्हणून चाळिशीच्या आतल्यांना ४० टक्के जास्त धरतात, ते मिळवून आठ लाख ब्याऐंशी हजार. दवाखान्याची बिलं वेगळी. त्या म्हणाल्या, "विमा कंपनी यावर भांडली असती, एवढे मिळालेच असते असं मी म्हणणार नाही. पण मागावर आठ-दहा तास उभं राहणाऱ्या माणसाचा पाय गेला तर दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तुमच्या वतीनं कुणी मांडलंच नाही." हे आता मागावर नाहीत. बसून कांड्या भरायचं काम करतात, पगार निम्म्याच्या जरा वर.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. सह्या करायच्या आधी कुणी हे आम्हाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फसवून तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं काम मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं चालतं, त्यामुळं मुंबईची फेरी तरी वाचली. वकिलाविरुद्ध तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ती मी केली आहे. त्यांना सनद काढून घेण्यापर्यंत अधिकार आहे. पोलिसांतही अर्ज दिला आहे. कोऱ्या चेकमुळं तिथं अवघड जातंय, ते लपवत नाही.

सगळे वकील असे असतात असं कुणी मनात घेऊ नये. आम्हाला आज जी वाट दिसतेय ती वकिलानंच दाखवली. फरक मला असा दिसला. या बाईंनी पहिल्या भेटीत पुढं काय काय होऊ शकतं ते सांगितलं, हिशेब मांडला तरी एवढे मिळवून देते असा शब्द दिला नाही. प्रत्येक कागद मराठीत वाचून दाखवला. ह्यांच्या मूळ पासबुकाला हातसुद्धा लावला नाही, झेरॉक्स घेतली.

जुनी फाइल मात्र वकील देईना. "आधी राहिलेली फी द्या" असा निरोप आला. वकीलबाईंनी सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच तसा निकाल दिलाय. तसं लेखी पत्र पाठवलं तेव्हा आठ दिवसांत फाइल आली. कार्यालयातल्या पोरानं एक पिशवी आणून दिली.

पिशवी माझीच होती, किराणा दुकानाची, पिवळी. २०२३ मध्ये मी दवाखान्याची सगळी मूळ बिलं तारखेप्रमाणे लावून, टाचण्या मारून तीत घालून दिली होती. टाचण्या गंजल्या होत्या, पण एकही निघालेली नव्हती. एक लाख बारा हजारांची बिलं. कोर्टात त्यांतलं एकही दाखल केलेलं नव्हतं.

ती बिलं आता कोल्हापूरच्या अर्जाला जोडली आहेत. तारीख लागायची आहे.