पिवळी गाय, दुसऱ्या खेपेची

जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कच्या 'पिवळी गाय' या चित्राची प्रिंट मी ऑनलाइन मागवली. पहिल्या खेपेला आलेली गाय पिवळी नव्हतीच, ओल्या मेंदीसारखी हिरवट होती. वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत. सुताच्या रंगाची शेड एका लॉटातून दुसऱ्या लॉटात जरा हलली तरी व्यापारी साडी परत पाठवतो, त्यामुळे माझ्या डोळ्याला हे खपत नाही. ऑनलाइन दुकानानं कळवलं, "मोबाईलच्या स्क्रीनमुळे तसं वाटतं." मग लिंबू-पिवळ्या सुताची लडी प्रिंटशेजारी धरून फोटो पाठवला. नऊ दिवसांत दुसरी प्रिंट आली. ही मात्र खरी पिवळी.

मूळ चित्र 1911 सालचं, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात असलेलं. रुंदी जवळजवळ 189 सेंटिमीटर. माझी कॅनव्हास प्रिंट 24 बाय 18 इंचांची, 1,450 रुपयांना.

आई बघून म्हणाली, "असली गाय कुठं असते की!" मी म्हटलं, दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी पळवतात तेव्हा त्यांची रंगवलेली शिंगं तुला चालतात, ती काय जन्मापासून तशी असतात? ती हसली, पण तिला काही पटलं नाही.

मार्कनं 1910 मध्ये मित्राला, चित्रकार माकेला लिहिलेल्या पत्रात निळा पुरुषी आणि आध्यात्मिक, पिवळा बायकी, कोमल, आनंदी, तर लाल जड, ऐहिक असं मांडलं होतं. त्याच सुमारास त्यानं मारियाशी लग्न केलं, म्हणून काही जाणकार या गायीत तिला आणि मागच्या निळ्या डोंगरांत त्याला बघतात. असेल. मला तर दावं तोडून पहिल्या पावसात उधळलेली कालवड दिसते. मागचे पाय हवेत, मान वर, एवढं मोठं धूड आणि वजन म्हणून नाही! कातडी खरी तपकिरी रंगवली असती तर ही उडी अर्धी झाली असती. अंगावरचे निळे ठिपके पिवळ्याला आणखी पेटवतात. हिरव्या काठाशेजारी लाल पदर भडकतो, तसं.

तक्रार निळ्याचीच. डोंगरांतल्या फिक्या-गडद छटा प्रिंटमध्ये एकमेकींत मिसळल्यात, आणि ट्यूबलाइटखाली तर सगळं काळं दिसतं. सकाळच्या उन्हात थोडं सुधारतं. फ्रेमवाल्यानं जाड सोनेरी पट्टी सुचवली होती, मी साधी सागवानी घेतली. काच लावली नाही.

त्याच दुकानात मार्कचे निळे घोडेही आहेत. निळ्याची ही गत बघून ते तिथून मागवणार नाही.