टोचनगाडीचे चौदा महिने: गाडी बरी, मोटरविंच रडकी, कुत्रं एक नंबर

गेल्या आठवड्यात रात्री आंबा घाटात जे झालं त्यावरून हे लिहायला बसलोय. खरं तर फेब्रुवारीतच अर्धं लिहून ठेवलं होतं. त्यात मोटरविंच (बॅटरीवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) विकणाऱ्याला इतक्या शिव्या होत्या की बायकोनं वाचून मोबाईल काढून घेतला. आता जरा थंड डोक्यानं लिहितो. शिव्या काढल्यात, पैशाचा हिशेब ठेवलाय.

गाडी म्हणजे १९९२ ची टाटा ४०७, सहा टायरी, मागं हातानं फिरवायची क्रेन. ४०७ काय असते ते सांगत बसत नाही. १९८६ पासून रस्त्यावर आहे; तुमच्या गावातल्या विटा, जनावरांची वैरण आणि निम्म्या लग्नांची वऱ्हाडं तिनंच वाहिलीत. माझं गॅरेज मलकापूरच्या पुढं, कोल्हापूर-रत्नागिरी रोडला. घाटात गाडी बंद पडली की गिऱ्हाईक मला फोन करायचं आणि मी बाहेरच्या क्रेनवाल्याला. तो साडेतीन हजार घ्यायचा, वर माझ्याच गॅरेजात चहा पिऊन जायचा. एकदा हिशेब केला आणि पोटात दुखायला लागलं. दुसऱ्याच महिन्यात, म्हणजे गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सांगलीकडच्या एका बंद गॅरेजच्या आवारात बाभळीखाली उभी असलेली ही गाडी एक लाख पस्तीस हजाराला उचलली.

केबिनच्या पत्र्यातून बोट आरपार जायचं. चेसिस मात्र सरळ होती, मी दोरी लावून बघितली. जुनी टोचनगाडी घेणाऱ्यानं रंग, सीट, स्टिअरिंग काही बघू नये. बूम, म्हणजे क्रेनचा दांडा, जिथं चेसिसला जोडलाय तिथल्या वेल्डिंगला रॉकेलनं पुसून बॅटरीच्या उजेडात चीर आहे का बघावं. माझ्या गाडीला उजव्या बाजूला वीतभर चीर होती. विकणारा म्हणाला, "रंगाची रेघ हाय ती." रंगाच्या रेघेत नख अडकत नाही, मालक. ती दाखवूनच दहा हजार कमी केले.

इंजिन ४९७ एसपी, २९५६ सीसी. कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर मारलं, पिस्टन-स्लीव्ह नवे, पंप आणि नोझल तपासून घेतले, ६८ हजार. टायर रबरिंग केलेले, ३३ हजार. ब्रेक आणि पाटे २१. बूमचं वेल्डिंग, मागचा आडवा चॅनेल, पुल्या, वायररोप मिळून २७. विमा, फिटनेस, पर्यावरण कर असा कागदाचा खर्च ३१. बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये परमिटची सूट आहे, तेवढी एक गोष्ट बरी. पण फिटनेस आता दरवर्षी, आणि जुन्या गाडीची फी बघून वाटतं की गाडी म्हातारी होण्याचा दंडच भरतोय. हे झाले तीन लाख पंधरा हजार. वर ते ४२ हजार मोटरविंचचे, त्याचं रडगाणं पुढं आहे.

आधी कुत्र्याचं सांगतो.

हातविंचला दातेरी चाक असतं आणि चाक उलटं फिरू नये म्हणून दातात अडकणारा लोखंडी तुकडा असतो, त्याला आम्ही कुत्रं म्हणतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसंच, फक्त हे चार बोटं लांब. गाडी हवेत लटकलेली असताना खालच्या माणसाचा पाय आणि वरची गाडी यांच्यामध्ये हा एवढाच तुकडा. दोराच्या ड्रमवर पट्टा आवळणारा बँडब्रेक आहे, पण पावसात त्याच्यावर माझा भरवसा नाही. गाडी घेतली तेव्हा कुत्र्याचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं, आणि स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गाठ मारून बांधलेली. आम्ही सगळे खदाखदा हसलो. आधीचा मालक किती चिकट असेल त्यावर चहा संपेपर्यंत बोलणं झालं. पट्टी काढून मी टूलबॉक्समध्ये टाकली.

नवं कुत्रं उद्यमनगरात करून घेतलं. पहिलं त्यांनी तापवून पाण्यात असं काही मारलं की काचेसारखं झालं; दुसऱ्या आठवड्यात टोकाचा टवका उडाला. दुसरं ईएन-८ पोलादाचं, फक्त टोकाला पाणी दिलेलं. आमचे मिस्त्रीमामा स्वतः भट्टीजवळ उभे राहिले आणि टोक निळं पडायच्या आत काढायला लावलं. किंमत साडेसहाशे, स्प्रिंग चाळीस रुपये. दात आणि कुत्रं यांच्यामध्ये कागद धरून बघितला: पूर्ण रुंदीला ठसा उमटला पाहिजे, नुसत्या एका कोपऱ्याला नाही. मामा म्हणाले, "आता हत्ती टांगा." घरी जेवताना मी हे सांगत होतो तर पोरगी म्हणाली, "पप्पा, तीन लाखाच्या गाडीत तुम्हाला साडेसहाशेच्या कुत्र्याचंच कौतुक." आहेच.

जूनमध्ये काम सुरू झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात खांदे भरून आले. गाडी नुसती उचलायची असेल तर हातविंच काहीच नाही. हुकाला पुली लावून दोर दुहेरी केला की मारुतीचं तोंड वीतदीड वीत उचलायला हँडलचे नऊ-दहा फेरे लागतात, जोर फार तर वीस किलोचा. पण चरीत गेलेली गाडी पंधरा मीटर ओढायची म्हणजे पावणेदोनशे फेरे. तिसऱ्या चरीनंतर मी मोटरविंच मागवली. बारा व्होल्ट, बारा हजार पौंड, म्हणजे साडेपाच टनाच्या जवळ. हातविंच खोलून कोपऱ्यात टाकली.

सप्टेंबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की आयुष्यातला सगळ्यात शहाणा खर्च. रिमोट हातात, छत्री डोक्यावर, गिऱ्हाईकही प्रभावित. भंगारवाल्याला हातविंच दाखवली. बासष्ट किलो भरली, चौतीस रुपयांनी एकवीसशे आठ रुपये. सोमवारी नेतो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी एक गाडी उचलत होतो. रिमोटचं बटण सोडलं, तरी ड्रम फिरतच राहिला. हूक वर पुलीला जाऊन भिडला, दोर कुरकुरायला लागला आणि बूममधून कण्हल्यासारखा आवाज आला. गॅरेजातलं पोरगं ओरडलं. मी बॅटरीची वायर पान्यानं ढकलून काढली म्हणून वाचलो. नंतर सोलेनॉइड, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, खोलला तर आतले तांब्याचे दोन्ही पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: "सर, कमर्शियल युजला वॉरंटी नाही." मी म्हटलं, बिल गॅरेजच्या नावानं केलंत तेव्हा हे सुचलं नाही? मग: "सर, उचलण्यासाठी वापर केला आहे, प्रॉडक्ट फक्त ओढण्यासाठी आहे." तीन आठवडे हे चाललं. विंच पाठवा, जाण्याचा खर्च तुमचा, येण्याचा खर्चही तुमचा, तपासणी फी वेगळी. फेब्रुवारीतलं ते अर्धं लिखाण या रागातलं.

आता वाटतं की निम्मी चूक माझी होती. माहितीपत्रकात बारीक अक्षरात खरंच लिहिलंय की वजन टांगायला वापरू नका. ही विंच जीप चिखलातून ओढायची, आणि तिचा ब्रेक टांगलेलं वजन तोलायला केलेला नाही. शिवाय पूर्ण जोरावर ती चारशेच्या घरात अँपिअर खाते. माझ्या गाडीत शंभर अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावर पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही नाहीत, आणि डायनॅमो तर तिच्यापुढं देवापुढची पणती. व्होल्टेज पडलं की सोलेनॉइडचे पॉइंट थरथरतात, ठिणग्या पडतात आणि चिकटतात. बारा हजार पौंडाचा आकडासुद्धा ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाचा. थर चढत गेले की ताकद उतरत जाते. हे सगळं विकताना एक माणूस सांगत नाही. म्हणून राहिलेली निम्मी चूक त्यांची, आणि ती मी माफ केलेली नाही. सोलेनॉइड गावातच अठराशेत बसवून घेतला.

हातविंच परत बूमच्या बुडाशी आली. मोटरविंच खाली आडव्या चॅनेलवर, फक्त ओढायला. भंगारवाला सोमवारी आला तेव्हा त्याला जुना रेडिएटर दिला.

बाकी गाडीबद्दल थोडक्यात. रिकामी आठ-नऊचं ॲव्हरेज देते, मागं गाडी असली की सहा. केबिनमध्ये उन्हाळ्यात पायाला चटके बसतात, बत्तीस वर्षं ओलांडलेल्या गाडीकडून आणखी काय मागणार. खरी अडचण स्टिअरिंगची होती. हूक मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागं, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर धरा तीन मीटर. हुकाला आठशे किलो टांगलं की पुढच्या चाकांवरचं चारशे किलो कमी होतं. पहिल्यांदा घाटाच्या वळणावर स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं लागलं तेव्हा पोटात गोळा आला. मग ट्रकचे सहा जुने ब्रेकड्रम पुढच्या बंपरमागं फ्रेम करून बोल्टनं आवळले, अडीचशे किलोच्या वर भरतात. भंगारातले, म्हणून फुकट. आता पुढं लोड बसतो आणि मला झोप लागते.

दुसरी अडचण नव्या गाड्यांची. बंपर प्लास्टिकचे, हूक अडकवायला जागा नाही. टोचनची कडी टूलकिटमध्ये असते आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आटे फिरवून बसवायची, हे दहातल्या आठ मालकांना माहीत नसतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कडीला आटे उलटे असतात, एका साहेबांनी जोर लावून हात सोलून घेतला. ऑटोमॅटिक आणि चारही चाकं फिरणारी गाडी मी हातच लावत नाही, सरळ फ्लॅटबेडवाल्याचा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणाऱ्याचा, नंबर देतो. जुनी टोचनगाडी घेऊन शहरात धंदा करायचा विचार असेल तर हे आधी मोजा. आमच्याकडं बोलेरो, पिकअप, जुन्या मारुत्या आहेत म्हणून चालतंय.

डिसेंबरात पुण्याचं एक कुटुंब घाटात अडकलं, क्लच जळालेला. गाडी उचलली, मी हँडल धरून पोराला ओरडलो, "कुत्रं बसलं का रे?" पोराच्या आधी बाईंनीच काच खाली करून उत्तर दिलं, "हो दादा, मागच्या सीटवर बसलंय, काही करत नाही ते." खरंच बसलं होतं, तपकिरी, कान लोंबणारं. मग सगळ्यांना उतरायला लावलं. टांगलेल्या गाडीत माणूस बसवायचा नाही आणि कुत्रंसुद्धा नाही.

आता गेल्या आठवड्याचं. रात्रीचे अडीच, धुकं असं की वायपरच्या पलीकडं काही नाही. रत्नागिरीकडं पिशवीबंद दूध नेणारी पिकअप डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घालून बसलेली. ड्रायव्हरचा एकच घोष, "सहाला दूध पोचलं नाही तर माल माझ्या अंगावर हाय." ४०७ च्या चारी कोपऱ्यांना चाकांखाली उट्या लावल्या, मोटरविंचचा दोर जोडला, बटण दाबलं. टक. परत दाबलं. टक. मग तेही नाही. पाणी गेलं होतं की बॅटरी बसली होती ते बघायला वेळ नव्हता.

हातविंचचा दोर खालच्या पुलीतून घेऊन दुहेरी केला. दोन्ही हँडलांवर दोन-दोन माणसं, त्यात दूधवालाही. तिसाव्या फेऱ्याला टिंग आवाज आला आणि कुत्र्याची चाळीस रुपयांची स्प्रिंग अंधारात कुठंतरी गेली. आमच्या विंचला कुत्रं खालच्या बाजूनं दातात बसतं, म्हणून स्प्रिंग नसली की नुसतं लोंबकळतं. बँडब्रेक आवळून धरला, तो ओला, दोर बोट-बोटभर सुटायला लागला. पोरानं पाना घालून कुत्रं दातात दाबून धरलं आणि म्हणालं, "मालक, लवकर काय ते करा."

सीटखालचा टूलबॉक्स ओतला. तळाशी ती ट्यूबची पट्टी होती, गाठीसकट.

बांधली, ताणली, कुत्रं दातावर चटकन बसलं. उरलेले साठ फेरे मारले, चौघांनी मिळून मोजले. पिकअप रस्त्यावर आली, दोन क्रेट फुटले होते तेवढेच. ड्रायव्हरनं पंचवीसशे दिले आणि फुटलेल्या क्रेटमधल्या शाबूत पिशव्या. घरी दोन दिवस बासुंदी चालली होती.

मोटरविंच अजून खोललेली नाही. नवी स्प्रिंग आणायला उद्यमनगरला जायचं आहे, पण जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी हजार रुपयांचं डिझेल कोण जाळणार. पुढच्या महिन्यात फिटनेसच्या कामाला जाईन तेव्हा बघू. तोवर ट्यूब आहे.