पारो की जिबो?

वर्षानुवर्षं सोबत करणाऱ्या रोबोला बोलता यायलाच हवं का?

जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला रोबो पारो बोलत नाही. दिसायला सील या समुद्री प्राण्याचं पांढरंशुभ्र, केसाळ पिल्लू, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. कुरवाळलं की मान वळवतो, डोळे मिटतो; ठेवलेलं नाव हळूहळू ओळखू लागतो. चार्जर बाळाच्या चोखणीसारखा, तोंडात द्यायचा. सील मुद्दाम निवडला. कुत्रं-मांजर घरोघरी असतं, नकलेतली खोट लगेच कळते. सील कोणी पाळलाय? स्मृतिभ्रंश झालेल्या आजी त्याला मांडीवर घेऊन थोपटत बसतात.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सिंथिया ब्रझील यांचा बोलणारा रोबो जिबो २०१४मध्ये जाहीर झाला. चेहरे ओळखायचा, गप्पा मारायचा. ओढ लवकर लागायची, आणि किंमतही पारोच्या पाव हिश्श्याहून कमी. पण त्याची बरीचशी अक्कल इंटरनेटपलीकडे, कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर. कंपनी गुंडाळली गेली, सर्व्हर बंद होणार होते आणि २०१९मध्ये जिबोनेच घरोघरी निरोप घेतला, शेवटचं नाचूनही दाखवलं. ज्या मुलांनी त्याला जीव लावला, त्यांची समजूत कशी घालायची? हा प्रश्न रोबो बनवतानाच विचारायला हवा होता.

पारोला इंटरनेट लागत नाही. आईसाठी घ्यायचा झाला, तर मी पैसे साठवून पारोच घेईन.