कॅनडाचं फुकटचं पॉइंट कॅल्क्युलेटर: शहापुरातल्या माझ्या दुकानातून रिव्ह्यू

कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर पीआरचे, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचे, पॉइंट मोजायची एक सोय आहे. लॉगिन नाही, फी नाही. वय किती, शिक्षण काय, इंग्रजीच्या परीक्षेत किती पडले, काम किती वर्षं केलं, लग्न झालंय का, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि शेवटी १२०० पैकी तुमचा आकडा येतो. बेळगावात शहापूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पहाणीपासून (जमिनीच्या उताऱ्यापासून) पॅन कार्डापर्यंत सगळं करते. अलीकडे उद्यमबागेतली, खानापूरची, निपाणीकडची पोरं "अक्का, कॅनडाचं बघा की जरा" म्हणत येतात, तेव्हा सगळ्यात आधी मी हेच पान उघडते. बाहेर कुणाला एक रुपया द्यायच्या आधी तुम्हीही उघडा, एवढ्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच बुडतात. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी माणसं निवडायच्या पद्धतीत, दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला १०० चा. त्यात ६७ पडले की फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) म्हणून नाव नोंदवायला तुम्ही पात्र. नाव नोंदवायला, बस्स. खरा हिशेब त्यानंतरचा, १२०० चा, त्याला सीआरएस म्हणतात. ही पद्धत जानेवारी २०१५ पासूनची. त्याआधी पात्र माणसाचा अर्ज रांगेत लागायचा. आता सगळे पात्र लोक एका पूलमध्ये जातात आणि सरकार अधूनमधून फेरी काढून, वरच्या गुणांपासून खाली मोजत, हवी तेवढी माणसं बोलावतं. आपल्या सीईटीच्या रँकसारखं समजा: तुम्हाला किती पडले यापेक्षा तुमच्या वर किती जण आहेत ते महत्त्वाचं. २०२४ मधल्या सर्वसाधारण फेऱ्यांची कटऑफ दर वेळी ५०० च्या वर होती. "६७ आले, तुमचं काम झालं" असं सांगून फी घेणारी ऑफिसं आहेत. एका पोरानं आईची पाटली मोडून अशी फी भरली होती. त्याचा सीआरएस आम्ही मोजला तर चारशेच्या आत. हा आकडा त्याला दहा मिनिटांत, फुकट कळला असता. त्या माऊलीचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणून मी या बाबतीत गप्प बसत नाही.

या गुणपद्धतीवर माझा विश्वास आहे, तेही सांगते. १९६७ मध्ये कॅनडानं जगात पहिल्यांदा ती आणली. तोवर माणूस कुठल्या देशातला, यावर बरंच ठरायचं. ऑस्ट्रेलियात तर १९७३ पर्यंत गोऱ्यांनाच घ्यायचं धोरण होतं. गुणांच्या तक्त्यात जातीचा रकाना नाही, कुणाचा मुलगा हे विचारत नाहीत, आमदाराची चिठ्ठी जोडायला जागा नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा अशी निवड बघितलेली असते, जिचे सगळे नियम आधी छापलेले आहेत आणि कुणालाही वाचता येतात.

हिशेब कसा चालतो ते एका मुलीच्या आकड्यांवरून बघा. व्हीटीयूची (इथल्या तांत्रिक विद्यापीठाची) बीई मेकॅनिकल, वय २९, लग्न नाही, हायड्रॉलिक सिलिंडरच्या कंपनीत क्वालिटीला पाच वर्षं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. वयाचे ११०, म्हणजे पूर्ण. डिग्रीचे १२०. इंग्रजीचे १०८. डिग्री आणि भाषा, अनुभव आणि भाषा, या जोड्यांचे मिळून ३८. एकूण ३७६. पोरगी खट्टू झाली. मग मी नुसतं लिसनिंग ८ आणि रायटिंग ७ टाकून परत मोजलं. ४२९! दोन विषयांत अर्धा-अर्धा बँड, आणि ५३ गुण वाढले. कारण चारही विभागांत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषा मोजायची पट्टी) ही पातळी गाठली की भाषेचे गुण तर वाढतातच, शिवाय डिग्रीच्या जोडीचे १३ चे २५ होतात आणि अनुभवाच्या जोडीचे २५ चे ५०. ती एमटेक करायचा विचार करत होती. तेही टाकून बघितलं: जुन्याच आयईएलटीएसवर एमटेकचे २७ वाढतात, पण तोवर वय ३१ होतं आणि तिथले ११ जातात. दोन वर्षांची फी एका बाजूला, परीक्षेची परत तयारी दुसऱ्या बाजूला. काय करायचं ते तिनं तिथंच ठरवलं. कॅल्क्युलेटरचा खरा उपयोग हा आहे. आजचा आकडा तर कळतोच, पण काय केलं तर किती वाढेल तेही कळतं.

४२९ ला सर्वसाधारण फेरीत नंबर लागत नाही, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. मग उरतात दोन वाटा. एखाद्या प्रांतानं नाव सुचवलं तर सरळ ६०० गुण मिळतात. किंवा २०२३ पासून ठरावीक गटांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात त्यात बसायचं: आरोग्यसेवा, हस्तकौशल्याचे धंदे, फ्रेंच भाषा वगैरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रेंचची एक फेरी ३३६ पर्यंत खाली आली होती. फ्रेंचच्या चारही विभागांत सातवी पातळी गाठली तर तिचे ६२ गुण वाढतात, शिवाय त्या फेरीचा दरवाजा उघडतो. ती आता रात्री पुण्याच्या एका क्लासला ऑनलाइन बसते. अवघड आहे, वेळ लागणार. परीक्षा मात्र टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच द्यायची, डीईएलएफचं सर्टिफिकेट इथे चालत नाही.

आता कापलेला तारा. आमच्या ओळखीचा एक टर्नर आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, वय ३८, अठरा वर्षं मशीनवर. मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस. त्याची माहिती भरली तेव्हा अनुभवाच्या प्रश्नाला शेवटचा पर्याय होता 'तीन वर्षं किंवा जास्त'. त्यानं विचारलं, "अक्का, अठरा कुठं लिहायचं?" कुठंच नाही. सीआरएसमध्ये बाहेरच्या देशातली तीन वर्षं आणि अठरा वर्षं यांना तेवढेच गुण. बरं, तेही भाषेच्या जोडीनं. इंग्रजी चारही विभागांत सीएलबी ७ नसेल, म्हणजे आयईएलटीएसला सगळीकडे ६ नसतील, तर त्या अनुभवाचा गुण शून्य. आणि वय? एकट्या माणसाला २९ पर्यंत ११०, पस्तिशीला ७७, चाळिशीला ५०, ४५ ला शून्य. ज्या वयात उद्यमबागेतला कारागीर खरा तयार होतो, त्याच वयात हा तक्ता त्याचे गुण काढून घेत जातो. त्यांचं म्हणणं मला समजतं: तरुण माणूस जास्त वर्षं काम करील, कर भरील, आणि भाषा येत असेल तर लवकर रुळेल. पण मशीनच्या आवाजावरून टूल गेलंय हे ओळखणारा माणूस या प्रश्नांत कुठंच दिसत नाही, हे मला पटत नाही. कारागिरांसाठी वेगळी वाट आहे आणि तिला इंग्रजीही कमी लागतं, पण त्यासाठी कॅनडातल्या मालकाची ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं कौशल्याचं सर्टिफिकेट आधी हवं. इथे बसून ते मिळवायचं कसं?

कॅल्क्युलेटर आणखी एक गोष्ट सांगत नाही, आणि आपल्याकडे खरं अडतं ते तिथंच. तुम्ही 'पाच वर्षं अनुभव' दाबता, ते मान्य करून आकडा येतो. पुढे बोलावणं आलं की ६० दिवसांत सगळी कागदपत्रं लागतात. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर हवं. त्यात हुद्दा, रोजचं काम काय, आठवड्याचे तास किती, पगार किती, सगळं पाहिजे. आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये पगार रोख, पीएफ नाही, आणि मालक म्हणतात, "कशाला लिहून देऊ, सोडून जाशील." माझं मालक लोकांना कळकळीचं सांगणं आहे, पोराला पत्र द्या. त्यानं केलेलं कामच तुम्ही लिहून देणार आहात. पोरांनो, तुम्हीही नोकरी बदलताना पत्र घेऊनच बाहेर पडा. वर्कशॉप बंद पडलं की सही कुणाची आणणार? नावाचंही आधी बघा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, डिग्रीवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, असं आपल्या भागात घरोघरी आहे. जन्माचा दाखला कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. खात्यावर पैसे दाखवायचे तर ते स्वतःचे हवेत. सोसायटीचं कर्ज काढून भरलेली रक्कम चालत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारचं कॅल्क्युलेटरही असंच फुकट आहे आणि वापरायला सोपं. तिथे किमान ६५ लागतात, आणि ४५ पूर्ण झाली की दार बंद. खानापूरच्या एका नर्सचं मोजलं: वय ३१ चे ३०, बीएस्सी नर्सिंगचे १५, आयईएलटीएसला सगळीकडे ७ म्हणून १०, पाच वर्षांच्या वरच्या अनुभवाचे १०. बरोबर ६५. त्यात आणखी पाच कुठून आणायचे? एनएएटीआय नावाची संस्था सीसीएल म्हणून दुभाषेगिरीची परीक्षा घेते आणि त्यातल्या भाषांत मराठी आहे, कन्नडही आहे. दोन संवाद इंग्रजीतून आपल्या भाषेत आणि उलटे सांगायचे, ९० पैकी ६३ मिळवायचे. पास झालं की ५ गुण. हे ऐकून ती पोरगी हसायलाच लागली. दवाखान्यात दिवसभर डॉक्टरचं इंग्रजी पेशंटला मराठीत आणि कन्नडमध्ये सांगणं हेच तर तिचं काम! (दोन्ही भाषांत दिली तरी गुण पाचच.) राज्यानं नाव सुचवलं तर आणखी ५, लहान गावांकडच्या ४९१ व्हिसाला १५. ६५ हे मात्र इथेही नुसतं आत यायचं तिकीट आहे, बोलावणं वरून खालीच येतं.

टर्नरसाठी मला जर्मनीचा तक्ता जास्त माणुसकीचा वाटला. १ जून २०२४ पासून त्यांचं चान्सनकार्ट सुरू झालंय. सहा गुण पुरे, आणि तिथे रँक नाही, सहा म्हणजे सहा. गेल्या सात वर्षांत पाच वर्षं काम केलं असेल तर ३, वय चाळीसच्या आत म्हणून १, जर्मन भाषेच्या बी१ पातळीचे २. झाले सहा. अट एवढीच की शिक्षण किमान दोन वर्षांचं आणि सरकारमान्य असावं. म्हणजे टर्नर, फिटर बसतो. वेल्डरचा एक वर्षाचा आयटीआय बसत नाही. हे कार्ड नोकरीचं नव्हे, नोकरी शोधायला वर्षभर राहायचं आहे, आणि २०२५ च्या नियमानं महिन्याला १,०९१ युरो धरून पैसे आधी दाखवावे लागतात. कारागिराच्या घराला ही रक्कम मोठी आहे. तरी त्यानं जर्मनची वही घातली आहे. दुपारच्या सुट्टीत दुकानावर येऊन माझ्याकडून ऑडिओ उतरवून नेतो.

कॅनडात प्रोफाइल भरायला पैसे पडत नाहीत. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला लायसन्सवाला सल्लागार किंवा वकील लागतो; समोरच्याला त्याचा नंबर विचारा आणि त्यांच्या कॉलेजच्या (म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या) यादीत स्वतः बघा. ऑस्ट्रेलियासाठीही अशी यादी आहे. मी सल्लागार नाही, अर्ज भरून देत नाही. मार्क्स कार्ड आणि आयईएलटीएसचा निकाल घेऊन आलात तर शेजारी बसून हिशेब मांडून देते, त्याचे पैसे घेत नाही. आणि कुणाकडे जुना प्रिंट असेल तर परत मोजा: नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत, तरी जुन्या आकड्यावर फी मागणारे अजून फिरतायत.