सीताबर्डीतील वाचनालयाचा संदर्भ विभाग : एक अभिप्राय

महायुद्धानंतरच्या ब्रिटिश संसदेचा, म्हणजे १९४५ ते १९५० या कार्यकाळाचा अभ्यास करणाऱ्या नागपूरकरांनी हा विभाग अवश्य पाहावा. बॉम्बहल्ल्यात स्वतःचे दालन उद्ध्वस्त झाल्याने उमरावांच्या दालनात बसणाऱ्या कनिष्ठ सभागृहात ॲटली सरकारने ४ जुलै १९४७ रोजी भारतीय स्वातंत्र्य विधेयक मांडले आणि १८ जुलैला त्याचा कायदा झाला. ती सारी चर्चा येथे मुळातून वाचता येते, हे केवढे भाग्य! ग्रंथपाल तारीख सांगताच नेमका खंड काढून देतात. त्या जुलैच्या खंडाची शिवण मात्र पार उसवली असून पान उलटताना जीव खालीवर होतो. त्याची बांधणी तातडीने व्हायला हवी.