जुनी जिप्सी की जुनी थार? चार-चार वर्षं दोन्ही सांभाळल्यावर

कोरेगावचा माझा मामेभाऊ गेले दोन महिने जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, बघत हिंडतोय. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, ॲव्हरेज किती देती?" प्रश्न बरोबरच आहे, पण जुन्या गाडीच्या खर्चात ॲव्हरेज हा सगळ्यात सरळ भाग. पंपावर पैसे दिले की तो कळतो. जो भाग कळत नाही त्यानं माझी एक गाडी विकायला लावली. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

२०१८ ते २०२२ मी महिंद्राची थार सीआरडीई वापरली, डिझेलवरची, २०१३ ची. तेव्हापासून आजपर्यंत मारुतीची जिप्सी, २००७ ची, एमपीएफआय म्हणजे पेट्रोल इंजिनाची. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही एमएच ११. राहायला साताऱ्यात, शेती कास-बामणोली रस्त्यानं आत आमच्या वाडीवर. डांबर संपल्यावर तीन किलोमीटर पाणंद आहे आणि पावसाळ्याचे चार महिने तिथं फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा कमी वेगाचा गिअर) टाकल्याशिवाय निभत नाही. एरवी गाडी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा बाहेर निघते. वर्षाचं रनिंग सहा हजार किलोमीटरच्या आसपास. माझा हिशेब या रनिंगचा आहे. तुमचं रनिंग वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल, हे आधीच सांगतो.

इंधनात थार सरळ पुढं आहे. यवतेश्वरचा घाट आणि पाणंद धरून माझी थार साडेबारा द्यायची. जिप्सी दहाच्या वर कधी गेली नाही. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर सहा हजार किलोमीटरला जिप्सीचे ६३,००० होतात, थारचे साधारण ४३,७००. वर्षाला एकोणीस हजारांचा फरक, लपवण्यासारखा नाही. त्यात जिप्सीची टाकी ४० लिटरची, म्हणून वाडीवर निघायचं तर साताऱ्यातच टाकी फुल करून घ्यावी लागते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. आपल्या भागातल्या उसापासूनही ते बनतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण २००७ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. मी पेट्रोलचे रबरी पाइप सगळे एकदम बदलून घेतले, आणि पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही, कारण इथेनॉल हवेतली ओल धरतं. गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर हे पथ्य पाळाच.

पण ते एकोणीस हजार तसेच्या तसे राहत नाहीत. विम्याकडे कुणी बघत नाही. थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जिप्सी १२९८ सीसीची, म्हणजे १००० ते १५०० च्या गटात, जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ३,४१६ रुपये. थार २४९८ सीसीची, ती १५०० च्या वरच्या गटात जाते, ७,८९७ रुपये. जीएसटी दोन्हींवर वरून. म्हणजे गाडी दारात उभी असली तरी थारला वर्षाला साडेचार-पाच हजार जास्त. टायरचंही तसंच. जिप्सीला २०५/७० आर १५, थारला २३५/७० आर १६, आणि फोर बाय फोरला एक टायर गेला म्हणून एकच नवा टाकून चालत नाही. चाकांच्या घेरात फरक पडला की फोर बाय फोरमध्ये सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. सेट बदलायचा म्हणजे सेटच बदलायचा. इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, क्लच, सगळीकडे थारचं बिल थोडं थोडं मोठं. हे सगळं वजा केलं की माझ्या हिशेबानं एकोणिसाचे दहा-अकरा हजार उरतात. अजूनही थारच स्वस्त. तिथवर मी थारच्याच बाजूचा होतो.

२०२० च्या जुलैमध्ये भाताची लावण आटोपून वाडीवरून परत येत होतो. कासच्या पठारावर धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीनं ओढ सोडली. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना. आई शेजारी बसलेली. कडेला घेऊन चावी बंद केली, परत चालू केली. दिवा गेला, ओढ परत आली. यवतेश्वर उतरेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. माणूस हाताचा पक्का, पण त्यांच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर नव्हता. ज्याच्याकडे होता त्यानं लावून सांगितलं, रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आहे, सेन्सर बदला. बदलला. तीन आठवड्यांनी त्याच धुक्यात तोच दिवा. मग डिझेल फिल्टर बदलला. पुन्हा दिवा. मग कुणी म्हणालं डिझेलमध्ये पाणी आलं असेल, टाकी उतरवून धुतली. कुणी म्हणालं इंजेक्टर पुण्याला पाठवून तपासून घ्या, तेही केलं, चार दिवस गाडी खोलून ठेवलेली. प्रत्येक वेळी स्कॅनर लावायचे पैसे वेगळे. आणि दिवा असा, की गॅरेजच्या दारात कधी लागायचा नाही. पाऊस, खड्डे आणि घाट एकत्र आले की लागायचा.

चार महिन्यांनी एका म्हाताऱ्या वायरमननं शोध लावला. आधीच्या मालकानं कुठल्याशा ॲक्सेसरीच्या दुकानातून पुढं जादा दिवे बसवून घेतले होते. त्या वायरी ओढून बांधताना इंजिनाची मूळ वायरिंग एका पट्टीला घासेल अशी सरकली होती. हादऱ्यानं आवरण झिजलं आणि ओल लागली की एक वायर पट्टीला टेकायची. त्यांनी ती सोडवली, टेप गुंडाळली, जागा बदलून बांधली. घेतले दीडशे रुपये. तोवर माझे अठरा हजार गेले होते, आणि गाडी धरून-सोडून तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी होती, त्यातले बरेच दिवस नेमके पावसाळ्यातले, ज्या कामासाठी ती घेतली होती त्याच कामाचे.

हा दोष थारच्या बनावटीचा नाही. कुणीतरी निष्काळजीपणे हात घातलेल्या वायरिंगचा आहे, आणि तुमच्या नशिबी तशी गाडी येईलच असं नाही. पण दहा-पंधरा वर्षं जुनी फोर बाय फोर घेताय म्हणजे तिच्यात आधी दोन-तीन मालकांनी हौसेनं हात घातलेला असतोच. कुणी दिवे बसवतं, कुणी हॉर्न, कुणी विंच. शिलाई द्यावी, धुणावळ द्यावी, तशी जुन्या गाडीला एक शोधणावळ द्यावी लागते. दुरुस्तीची मजुरी वेगळी आणि बिघाड कुठं आहे हे शोधायची वेगळी. थारच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात मला ही शोधणावळ दुरुस्तीच्या शंभरपट पडली. दिवा पुन्हा कधी लागला नाही, हेही खरं. तरी पुढची दोन वर्षं कासचा चढ लागला की माझी नजर रस्त्यावर कमी आणि त्या दिव्याच्या जागेवर जास्त. आई तर पावसाळ्यात गाडीत बसायलाच तयार होईना.

जिप्सीलाही सेन्सर आहेत, दिवाही आहे. पण बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. तिच्या तक्रारी अशा की त्या हाताला कळतात. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर बहुधा किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे बेअरिंग गेलेत. चाकामागच्या नकलच्या (वळणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावर ग्रीस दिसलं तर सील गेलं. माझ्या दोन्ही बाजूंचं हे काम मिस्त्रींनी दीड दिवसात उरकलं, निदान उभ्या उभ्या पाच मिनिटांत झालं होतं. चार वर्षांत जिप्सी गॅरेजमध्ये एकूण नऊ-दहा दिवस राहिली असेल, आणि शोधणावळ एकदाही नाही.

बसायला मात्र ती थारच्या जवळपासही नाही. चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे, मागं बसलेल्याची कंबर बोलते. रिकामी असताना तर खड्डान्‌खड्डा मोजते. पत्रा पातळ, चिखल साचला की गंजतो. दर दसऱ्याला आम्ही गाडीच्या पोटातून पाणी मारून माती काढतो, मगच पूजा. घेताना मागच्या पाट्यांच्या जोडाजवळ चेसिसला हातोडीनं हलकं ठोकून बघा. आवाज बद्द आला तर कितीही कमी किंमत सांगू द्या, सोडून द्या. आणि मागचा-पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स, चारही ठिकाणचं ऑइल बोटावर घेऊन बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. हे थारलाही लागू.

मामेभावाला मी सांगितलं ते असं. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर असतील तर इंधनाचाच फरक अठ्ठेचाळीस हजारांवर जातो, तिथं जिप्सीचा आग्रह मी धरणार नाही. थार घे, पण जिच्या वायरिंगला कुणी हात लावलेला नाही अशीच घे, आणि तिच्यासाठी स्कॅनरवाला चांगला माणूस आधी शोध, गाडी नंतर. रोज पुणे-सातारा करणार असशील तरी थारच. पण तुझं रनिंग माझ्याएवढंच, काम शेतावरचं आणि तेही पावसातलं. मग वर्षाचे दहा हजार जास्त गेले तरी मला विचारशील तर जिप्सी बघ. २०१९ ला सर्वसामान्यांसाठी ती बंद झाली, तरी माझं सुट्या भागांसाठी आजवर दोन दिवसांपेक्षा जास्त अडलेलं नाही.

पासिंगचे पैसे मात्र दोन्हींत धरून चाल. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठीच वाढते. चारचाकीला त्याचे ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. माझ्या जिप्सीची २०२७ ला वीस वर्षं भरतात. त्यासाठी महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.