बारा बाण, नऊ महिने आणि माझा सुटणारा हात: ५०० स्पाइनच्या कार्बन बाणांचा अनुभव

बाणांचा हा संच घेऊन नऊ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी एक तारा देऊन मोकळी झाले असते, आणि तो बाणांवर अन्याय झाला असता. म्हणून उशिरा लिहितेय.

आधी सामान सांगते. धनुष्य ६२ इंची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं; रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, लाकडी; लिंब, म्हणजे वाकणारे दोन हात, सुटे होणारे. लिंबावर लिहिलंय २८ इंचांवर ४० पाउंड, म्हणजे तेवढं ओढलं की तेवढा जोर. नेमाची साइट नाही, तोल धरणारा स्टॅबिलायझर नाही, बाण टेकवायची रेस्टसुद्धा नाही. बाण थेट शेल्फवर, म्हणजे रायझरच्या खाचेवर, ठेवते, बाजूला पातळ चामड्याची पट्टी. उजव्या हाताने ओढते, तिन्ही बोटं नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या बाणाच्या मागच्या खाचेच्या, खाली. बाण कार्बनचे, ५०० स्पाइनचे, लांबी ३० इंच, मागे चार इंची खरी पिसं आणि पुढे १२५ ग्रेनचं टोक (ग्रेन हे वजनाचं बारीक माप).

स्पाइन म्हणजे शाफ्टच्या, बाणाच्या दांडीच्या, ताठपणाचा आकडा. ५०० म्हणजे काय, तर शाफ्ट २८ इंचांवरच्या दोन आधारांवर आडवा ठेवून मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगलं की तो अर्धा इंच वाकतो. आकडा मोठा तर शाफ्ट मऊ, लहान तर ताठ. पण हे झालं टेबलावरचं मोजमाप. धनुष्यातून सुटताना शाफ्ट किती वाकेल हे टोकाचं वजन, शाफ्टची लांबी आणि मागून बसणारा रेटा यांवर ठरतं. टोक जड, शाफ्ट लांब किंवा रेटा जास्त, की बाण मऊ वागतो; उलट असेल तर ताठ. बाण रायझरला अडून भलतीकडे न जाता वाकून त्याला वळसा घालतो आणि सरळ निघतो. याला आर्चर्स पॅराडॉक्स हे नाव रॉबर्ट एल्मर यांनी १९३० च्या दशकात दिलं, आणि क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने ते वाकणं टिपून दाखवलं. हे सगळं मी वाचलं होतं. मागून बसणारा रेटा म्हणजे मीच, एवढंच डोक्यात शिरलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बेअरशाफ्ट चाचणी केली. दहा पावलांवरून पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन. पिसं उडत्या बाणाची चूक सावरून घेतात. बिनपिसांचा बाण ती जशीच्या तशी दाखवतो. माझे दोन्ही उजवीकडे जाऊन रुतले, शेपटी डावीकडे. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी या चाचणीच्या कुठल्याही तक्त्यात याचा अर्थ एकच: बाण मऊ पडतोय. मऊ बाण ताठ करायचा तर शाफ्ट कापायचा. मी तीन शाफ्ट अर्धा इंच कापले. फरक नाही. आणखी अर्धा इंच कापला. आता बिनपिसांचा बाण आधीपेक्षाही उजवीकडे, आणि जवळपास आडवा होऊन.

या सगळ्यात प्रत्येक बाणाबरोबर एक बारीक ‘टक्’ ऐकू येत होतं. मी समजले दोरीचा आवाज असेल.

मैदानावर एक काका येतात, लाकडी लाँगबो घेऊन. दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अगं, बाण पुढे सरकतोय तुझा.” मी म्हटलं, “नाही हो काका, मी पूर्ण २८ ओढते, घरी मोजलंय.” त्यांनी वाद घातला नाही. माझ्या एका शाफ्टवर नॉकच्या खाचेपासून मोजून २६, २७ आणि २८ इंचांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या वेढ्या लावल्या आणि मोबाइल घेऊन बाजूला उभे राहिले.

व्हिडिओ हळू चालवून पाहिला तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. ओढताना २७ ची पट्टी धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत येते. मग मी नेम धरते. नेम धरता धरता पट्टी कडेवरून पुढे, पुढे, आणि बोटं सुटतात त्या क्षणी कडेवर २६ ची पट्टी. आरशासमोर कोणीही २८ इंच ओढतं; तिथे बाण सोडायचा नसतो ना! धनुष्याच्या या टप्प्यात एक इंच कमी ओढला की साधारण अडीच पाउंड कमी होतात. म्हणजे माझं ४० चं धनुष्य बाणाला जेमतेम ३५ पाउंडांचा रेटा देत होतं. एवढ्या रेट्याला ५०० चा शाफ्ट १२५ ग्रेनच्या टोकासह ताठच पडणार.

मग बाण मऊ असल्यासारखा उजवीकडे का जात होता? ते ‘टक्’ इथे कामाला आलं. काकांनी बाजूच्या पट्टीवर बोटाने टाल्कम पावडर फासली. पुढचा बाण काढून आणला तर त्याच्या मागच्या भागावर, नॉकच्या चार बोटं अलीकडे, पांढरा ओरखडा. बाण इतका ताठ की वळसा घालायला वाकतच नव्हता. त्याचं बूड रायझरवर आपटायचं आणि डावीकडे उडायचं. बूड डावीकडे, टोक उजवीकडे. लक्ष्यात रुतलेला बाण बघून वाटणार मऊ, आणि असणार ताठ. आणि मी त्याच बाणांचे शाफ्ट कापून कापून आणखी ताठ करत होते. तक्ता खोटा नव्हता. बाण धनुष्याला न अडता बाहेर पडतोय हे त्यात गृहीत धरलेलं होतं, ते मी तपासलंच नाही.

न कापलेल्या नऊ बाणांना १७५ ग्रेनची टोकं लावली. आवाज कमी झाला. २०० ग्रेनला पूर्ण थांबला, पावडर जागच्या जागी, आणि बिनपिसांचा बाण आता डावीकडे वीतभर. प्रामाणिकपणे ताठ. पहिल्यांदा बाण खरं बोलला. तेवढ्यावर चालवून घेतलं, कारण दुसरी दुरुस्ती माझी होती.

ती तीन महिने चालली. पाच पावलांवर नुसता गवताचा गठ्ठा, त्यावर लक्ष्य नाही, आणि डोळे मिटून रोज चाळीस बाण. आधी मी दंडाने ओढून धरायची. दंड दमला की सरकायचा. आता खांद्याचं पातं मणक्याकडे नेत राहायचं आणि ते चालू असतानाच बोटं सैल सोडायची. अँकरला, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्यावर टेकतो त्या जागेला, दोन खुणा ठेवल्या: तर्जनी तोंडाच्या कोपऱ्याला आणि पीस नाकाच्या शेंड्याला. सुटल्यावर हात गालाला घासत कानाखाली जायला हवा. माझा आधी गालापासून बाहेर झटकला जायचा, सतार छेडल्यासारखा. असा छेडलेला बाण माझ्या बाबतीत डावीकडे जायचा, सरकलेला खाली. दोन्ही चुका एकाच दिवशी झाल्या की बिनपिसांच्या बाणांकडून काहीही सिद्ध करता येतं.

पाचव्या महिन्यात बिनपिसांचे बाण पुन्हा उजवीकडे जायला लागले. खरं सांगते, पहिला विचार कटरचाच आला. पण यावेळी पावडर लावली. ओरखडा नाही. आवाज नाही. व्हिडिओ काढला तर सुटतानाही कडेवर साडेसत्तावीस. म्हणजे आता धनुष्य ३८–३९ पाउंड देत होतं आणि २०० ग्रेनच्या टोकाने शाफ्ट खरोखर मऊ पडत होता. तेच बाण, तेच धनुष्य, तीच दोरी; बदलले ते फक्त माझे दीड इंच. १७५ ची टोकं परत लावली. त्या संध्याकाळी वीस यार्डांवर पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन बाण एका ताटलीएवढ्या जागेत बसले. पूर्ण बाण आता सुमारे ४६० ग्रेनचा आहे, म्हणजे पाउंडामागे १२ ग्रेन. थोडा जड, पण धनुष्य शांत झालं.

वर-खालीचं दुखणं वेगळं होतं. बिनपिसांच्या बाणाची शेपटी कायम वर. मी नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉकची जागा ठरवणारी गाठ, वर-खाली करून पाहिला, काही उपयोग नाही. कारण भलतंच निघालं. तिन्ही बोटं खाली असली की ओढताना नॉक दोरीवर किंचित खाली घसरू शकतो आणि मग बाण शेल्फवर आपटून उसळतो. नॉकच्या खालीही दोऱ्याची दुसरी गाठ बांधली आणि संपलं. त्यानंतरही काही बाण वर, काही खाली जात होते, पण ते तळहाताच्या टाचेचं काम. कधी टाच ग्रिपवर दाबली जायची, कधी नाही. कुठलाही नॉकिंग पॉइंट यावर औषध नाही.

आता चाचणी घेते ती दहा-बारा बाण मारून अंग मोकळं झाल्यावर, आणि दमायच्या आत. त्याआधी ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर, मोजते, माझी पावणेआठ इंच. दोरीचे पीळ सुटून ती बदलली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. सलग तीन दिवस तोच निकाल आला तरच टोकाला हात लावते, शाफ्टला तर नाहीच. टोक परत बदलता येतं, कापलेला इंच परत येत नाही.

बाणांबद्दल बोलायचं तर शाफ्ट सरळ आहेत, इन्सर्ट, म्हणजे टोक बसवायची आतली नळी, एकही निघालेला नाही. दोन नॉक फुटले. शेल्फला घासणारं खालचं पीस झिजतं, ते अपेक्षितच. भिजली की पिसं चिकटून बसतात आणि त्या दिवशी बाण बिनपिसांचाच समजावा. एका शाफ्टवर दुसरा बाण आपटला. वरून खरचटलेलंही दिसत नव्हतं, पण दोन्ही हातांनी हलकेच वाकवून कानाजवळ धरला तर करकर आवाज. मोडून टाकला. कार्बनच्या बाबतीत यात दयामाया नको, तो सुटताना फुटला तर चिपा हातात घुसतात.

तक्रार एकच, कुठला स्पाइन घ्यावा ते सांगणाऱ्या खोक्यावरच्या तक्त्याची. तो धनुष्यावर लिहिलेले पाउंड विचारतो. तुम्ही सोडता तेव्हा किती उरतात ते विचारत नाही. नवशिक्यांनी या संचाकडे वळण्याआधी पट्ट्या लावून व्हिडिओ काढावा. सुरुवातीच्या माझ्यासारखे पस्तीस पाउंडांवर असाल तर ६०० स्पाइनचे घ्या.

आठ बाण वापरात आहेत. कापलेले तिघेही आहेत, २०० ची टोकं लावून. रोज सकाळी डोळे मिटून गवताच्या गठ्ठ्यावर मारते ते हेच.